काळकर्ते शिवरामपंत परांजपे आणि दहा हजारांचा जामीन



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका हातात पडली की आपण आधी तथागतांचा, बाबासाहेबांचा, महात्मा फुल्यांचा, शाहू महाराजांचा लेख कुठे आहे ते पाहतो. ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही एका वेगळ्या माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. ‘काळ’ नावाचे एक साप्ताहिक पुण्याहून निघत असे. ते काढणारे शिवराम महादेव परांजपे यांना लोक ‘काळकर्ते’ म्हणत. कुणी विचारील की हा पुण्याचा ब्राह्मण संपादक आपल्या विहाराच्या स्मरणिकेत कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या लेखात आम्ही देणार आहोत. पण आधी माणूस कोण होता ते नीट बघून घेऊ. ओळख न करून घेता कुणाला नाकारायचे किंवा डोक्यावर घ्यायचे, ही आपली शिकवण नाही.

जन्म आणि शिक्षण

परांजप्यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. महाड म्हटले की आपल्या अंगावर काटा उभा राहतो. तेच महाड, तेच चवदार तळे. परांजपे जन्मले त्यानंतर बासष्ट वर्षे उलटून गेल्यावर, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच गावच्या पाण्याशी या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. एका घरच्या मुलाला ते पाणी न मागता मिळाले. दुसऱ्यांना त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. ही गोष्ट आम्ही शेवटपर्यंत विसरणार नाही आणि आपणही विसरू नये.

मुलगा हुशार होता. पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात आला. संस्कृतात त्याने नाव काढले, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे एम.ए. झाला. पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात काही काळ संस्कृतचे प्रोफेसर म्हणून शिकवले. बोलण्याची त्यांची हातोटी अशी की सभेत ते उभे राहिले की माणसे हलत नसत. सरकारी नोकरी धरली असती तर आयुष्य सुखात गेले असते. पण त्यांनी वर्तमानपत्र काढले आणि सुखाला रामराम ठोकला.

‘काळ’चा जन्म आणि त्या वेळची हवा

‘काळ’चा पहिला अंक २५ मार्च १८९८ रोजी निघाला. त्याच्या आधीचे वर्ष पुण्याला फार वाईट गेले होते. प्लेगची साथ होती, गोरे सोल्जर घरात घुसून तपासण्या करीत होते, २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्याच वर्षी ‘केसरी’तल्या मजकुरासाठी टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची सजा झाली. ज्या कलमाखाली सजा झाली ते दंडसंहितेचे १२४-अ कलम १८७० साली घातलेले होते. १८९८ मध्ये सरकारने ते कलम आणखी रुंद केले, म्हणजे जाळ्याची भोके आणखी बारीक केली. त्याच वर्षी परांजप्यांनी ‘काळ’ सुरू केला. शहाणा माणूस म्हणाला असता, थोडे थांब, वारा पडू दे. परांजपे थांबले नाहीत.

इथे एक गोष्ट तरुण मुलांना समजावून सांगितली पाहिजे. आज टीव्हीवर, मोबाईलवर शंभर बातम्या येतात. तेव्हा बातमी म्हणजे कागद. एखाद्या गावात एक अंक जाई, वाचता येणारा एक जण तो ओट्यावर बसून मोठ्याने वाची आणि दहा-वीस जण ऐकत. त्यामुळे अंक किती छापले यावरून किती लोकांपर्यंत मजकूर गेला ते कळत नसे. सरकारला हीच भीती होती.

लिहिण्याची रीत

परांजप्यांच्या लेखणीची एक खास तऱ्हा होती. तिला वक्रोक्ती म्हणतात. सरळ शिवी द्यायची नाही, सरळ आरोप करायचा नाही. इंग्रज सरकारची स्तुती करायची, पण इतकी करायची, इतकी करायची, की वाचणाऱ्याला हसू यावे आणि हसता हसता चीड यावी. आपल्याकडे म्हातारी माणसे सावकाराबद्दल असेच बोलत. मोठा दयाळू माणूस, आमची जमीन सांभाळायचे कष्ट बिचाऱ्याने स्वतःवर घेतले, असे म्हणत आणि ऐकणारा काय समजायचे ते समजे. त्याच जातीची ही भाषा, फक्त संस्कृत शिकलेल्या माणसाच्या हातची.

पुराणातल्या गोष्टी, इतिहासातल्या लढाया, परदेशांतली राज्ये, झाडे, पक्षी, सण असा कुठलाही विषय ते घेत आणि शेवटी वाचकाला पारतंत्र्यापाशी आणून सोडत. पोलिसाने ओळ धरावी तर ओळीत काही नाही. सगळे ओळीच्या मागे. अशा मजकुरावर खटला भरायचा म्हणजे आधी त्याचा इंग्रजी तर्जुमा करायचा आणि मग कोर्टाला पटवायचे की इथे स्तुती लिहिली आहे पण अर्थ उलटा आहे. ‘काळ’ दहा वर्षे टिकला त्यात या रीतीचाही मोठा वाटा असावा असे आम्हाला वाटते.

ही रीत काय सांगते? सत्ता बोलू देत नाही तेव्हा माणूस बोलायचे थांबत नाही, तो बोलायची दुसरी वाट काढतो. आपल्या जलशांनी हेच केले, आपल्या शाहिरांनी हेच केले.

स्वदेशी आणि गिरण्या

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. पुण्यात त्या वर्षी विदेशी कापडाची होळी झाली, तिथे परांजपेही होते. ‘काळ’मधून आणि व्यासपीठावरून त्यांनी स्वदेशीचा प्रचार केला. तरुण पोरे त्यांच्या लेखांनी भारून जात. पुढे क्रांतिकारक म्हणून ज्यांची नावे झाली, त्यांतले कितीतरी जण ‘काळ’ वाचून वाढले.

आम्ही उमेदीची वर्षे गिरणीत घालवली आहेत, म्हणून स्वदेशीची दुसरी बाजूही इथे मांडणे आमचे कर्तव्य आहे. विदेशी कापड नको म्हटल्यावर मुंबईच्या गिरण्यांचा माल धडाधड खपू लागला. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. पूर्वी अंधार पडला की साचा थांबत असे, आता दिवा लावून चालवता येऊ लागला. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्यांत कामगाराला चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास उभे केले जात होते. मोठ्या माणसांचे तास बारावर आणणारा कायदा १९११ साली झाला. म्हणजे पुण्यात कापडाची होळी पेटली तेव्हा परळ-लालबागमध्ये कामगाराच्या हाडांचा भुगा होत होता. आणि त्यातही आपल्या माणसांना साचेखात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. पगार जास्त त्या खात्याचे दार बंद, कमी पगाराचे खाते तेवढे आपले. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी उघडपणे मांडला. ‘काळ’चा सगळा रोख परकी राज्यावर होता. गावकुसाबाहेरची गुलामगिरी हा त्या पत्राचा मुख्य विषय नव्हता. हे आम्ही राग म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

१९०८ चा खटला

३० एप्रिल १९०८ रोजी बिहारात मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी या दोन तरुणांनी बॉम्ब टाकला. ज्या अधिकाऱ्यावर रोख होता तो वाचला आणि दोन गोऱ्या बायका मेल्या. साऱ्या देशात खळबळ माजली. तथागतांच्या अनुयायांना हिंसेचा मार्ग मान्य नाही, बॉम्बची भलामण आम्ही करणार नाही. पण तेव्हा प्रश्न असा पडला की हे का घडले, यावर वर्तमानपत्राने काही लिहायचे की नाही? सरकारचे म्हणणे, निषेध करा आणि गप्प बसा. मराठी पत्रांनी निषेधाबरोबर कारणेही मांडली. दडपशाही केली की त्यातून काय निपजते ते लिहिले. ‘काळ’नेही लिहिले, ‘केसरी’नेही लिहिले.

सरकारने लगेच दोन हत्यारे उपसली. एक जुने, १२४-अ कलम. दुसरे नवे कोरे. ८ जून १९०८ रोजी वर्तमानपत्रांचा एक कायदा झाला, त्याखाली गुन्ह्याला चिथावणी देणारा मजकूर छापला म्हणून छापखानाच जप्त करता येऊ लागला. म्हणजे संपादकाला आत टाकायचे आणि यंत्रही उचलून न्यायचे.

त्याच जून महिन्यात परांजप्यांना अटक झाली. खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. त्यांना मदत करण्यासाठी टिळक पुण्याहून मुंबईला आले, सरदारगृहात उतरले, आणि २४ जूनला तिथेच त्यांनाही पकडले. एका संपादकाच्या मदतीला आलेला दुसरा संपादक असा त्याच गाडीत बसवला गेला. त्या एकाच सुमारास नागपूरचा ‘देशसेवक’, मुंबईचा ‘विहारी’ अशा आणखीही पत्रांवर खटले झाले. सरकारने झाडूच फिरवला म्हणा ना.

८ जुलै १९०८ रोजी परांजप्यांना १९ महिन्यांची सक्तमजुरीची सजा झाली. पुढे दोनच आठवड्यांनी, २२ जुलैला, टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची सजा झाली. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी काय केले ते आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. सहा वर्षांच्या सजेला सहा दिवसांचा संप, असे म्हणून कामगार गिरण्यांतून बाहेर पडले. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला, त्यात कामगार मेले. त्यांतल्या बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हते. ज्या लेखासाठी सजा झाली तो त्यांनी डोळ्यांनी वाचलेला नव्हता. पण लिहिणाऱ्याला तुरुंगात घालतात याचा अर्थ त्यांना कळत होता. मुंबईच्या कामगाराने राजकीय कारणासाठी केलेला हा पहिला मोठा संप. छापील शब्दासाठी निरक्षर माणसाने रक्त सांडले, हे आपण गिरणगावच्या लेकरांनी अभिमानाने सांगावे.

दहा हजारांचा जामीन

परांजपे सजा भोगून १९०९ साली सुटून आले. एखाद्याने आता पुरे म्हटले असते. तुरुंगातली सक्तमजुरी म्हणजे काय हे पुस्तके वाचणाऱ्या माणसाच्या हाडांना चांगले समजले होते. तरीही ‘काळ’ चालू ठेवायचा असे त्यांनी ठरवले.

तुरुंगाने माणूस मोडत नाही हे सरकारच्याही लक्षात आले होते. उलट तुरुंगात गेलेला संपादक बाहेर आला की लोक हार घेऊन उभे राहतात. खटला भरला की कोर्टात भाषणे होतात, ती दुसरी पत्रे छापतात, नको तेवढी जाहिरात होते. म्हणून १९१० साली सरकारने प्रेस अ‍ॅक्ट आणला. हा कायदा कसा चालत असे ते नीट समजून घ्या, कारण खरी मेख त्यात आहे.

ज्याला छापखाना चालवायचा आहे किंवा पत्र काढायचे आहे, त्याच्याकडून सरकार अनामत रक्कम मागू शकत असे. तिला जामीन म्हणत. पैसे भरा आणि छापा. मग एखादा मजकूर सरकारला खटकला की ती रक्कम जप्त. पुन्हा छापायचे असेल तर आणखी मोठी रक्कम भरा. पुन्हा खटकले तर तीही गेली आणि छापखानाही गेला. यात आधी कोर्ट नाही, साक्षीपुरावा नाही, आरोपीचे भाषण नाही, लोकांची गर्दी नाही. नुसता एक कागद येतो आणि पत्र बंद पडते. आपण हायकोर्टात जाऊ शकतो असे कायद्यात होते, पण तेही पैसे जप्त झाल्यावर, आणि कायद्याचे शब्द इतके ऐसपैस की त्यांत काहीही बसवता येई.

‘काळ’कडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला गेला. आज दहा हजार म्हणजे मोबाईलची किंमत. तेव्हाचा हिशेब घरी बसून करून पाहा. त्या दशकात गिरणीतल्या साध्या कामगाराचा महिन्याचा पगार वीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे खाणेपिणे सोडून सगळा पगार बाजूला ठेवला तरी दहा हजार जमायला चाळीस वर्षांच्या वर लागली असती. वर्गणीदारांच्या रुपया-रुपयावर चालणाऱ्या पत्राजवळ एवढी रक्कम कुठून असणार? आणि समजा लोकांनी झोळी फिरवून जमवली असती, तरी पुढच्याच अंकात ती बुडणार नाही याची खात्री कोण देणार?

‘काळ’ बंद पडला. बारा वर्षे चाललेले पत्र एका नोटिशीने संपले. जे काम १९ महिन्यांच्या तुरुंगाने झाले नाही, ते दहा हजारांच्या आकड्याने झाले.

सरकारचे समाधान एवढ्यावरही झाले नाही. ‘काळ’मधले निवडक निबंध पुस्तकरूपाने निघाले होते, तेही सरकारने जप्त केले. ते पुस्तक जवळ बाळगणे म्हणजे घरात पोलीस बोलावणे. परांजपे हयात असेपर्यंत ही बंदी उठली नाही. लेखकाने आपलेच लिखाण दुकानात पाहू नये, अशी ही सजा होती. तिला मुदत नव्हती.

पुढचे आयुष्य

पत्र गेले म्हणून माणूस बसून राहिला नाही. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, नाटके लिहिली, मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला. १९२० साली ‘स्वराज्य’ नावाचे नवे साप्ताहिक काढले. गांधीजींची असहकाराची चळवळ आली तेव्हा टिळकांचे पुण्यातले पुष्कळ अनुयायी कुरकुरत बाजूला राहिले, परांजपे मात्र तिच्यात उतरले.

त्यानंतरची एक गोष्ट आमच्या फार जवळची आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या खोऱ्यात टाटांचे धरण बांधायचे काम सुरू झाले. मावळ्यांची भाताची शेते आणि गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. परांजपेही त्यात सामील झाले आणि १९२२ साली त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. तेव्हा त्यांचे वय ५८ च्या घरात होते. त्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला जी वीज तयार होऊ लागली, ती मुंबईला आली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गिरणीत ज्या विजेवर आमचे हात चालले, तिच्याखाली मावळातल्या गरिबांची शेते बुडालेली आहेत. आम्हाला भाकर मिळाली ती त्यांच्या भातावर पाणी फिरवून. हे समजल्यापासून मुळशीचे नाव आम्ही आदराने घेतो. धरणाविरुद्धचे ते आंदोलन जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा आंदोलनांपैकी एक मानले जाते.

१९२९ साली बेळगावला मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष परांजपे होते. ज्याची पुस्तके सरकारजमा आहेत त्यालाच मराठी लेखकांनी खुर्चीवर बसवले. त्याच वर्षी २७ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

मग आपला संबंध काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या १९१० च्या कायद्याने ‘काळ’चा गळा दाबला, तो कायदा १९२२ साली रद्द झाला. म्हणजे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा तोच कायदा चालू होता. बाबासाहेब तेव्हा सिडनॅम कॉलेजात सरकारी प्रोफेसर, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले तेव्हा पत्र उभे राहिले. परांजप्यांच्या डोक्यावर एकच तलवार होती, सरकारची. आपल्या पत्रांच्या डोक्यावर दोन होत्या. एक सरकारची आणि दुसरी समाजाची. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. ज्या पत्राने सरकारच्या मुस्कटदाबीविरुद्ध एवढे सोसले, त्याच पत्राने मुक्यांच्या नायकाला आपल्या रकान्यात चार बोटांची जागा दिली नाही. सरकार तोंड बांधते तसा समाजही तोंड बांधतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तरीही, किंबहुना म्हणूनच, परांजप्यांचे चरित्र आपण वाचले पाहिजे असे आमचे मत आहे. तोंड दाबण्याची यंत्रे सगळीकडे सारखीच असतात. आज ती दुसऱ्यावर चालली म्हणून आपण स्वस्थ बसलो तर उद्या ती आपल्यावर चालतात. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांचा काळ्या स्वातंत्र्यदिनावरचा लेख आला आणि महाराष्ट्रात केवढे रान उठले ते आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि त्याच ‘साधने’ला सरकारी कारवाईला तोंड द्यावे लागले. म्हणजे सेन्सॉर हा गोऱ्यांबरोबर बोटीत बसून गेला नाही.

आणि ते १२४-अ कलम? परांजप्यांना ज्याने तुरुंगात घातले ते कलम स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तरहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिले. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा वापर थांबवायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाच्या एकतेला धोका आणणाऱ्या कृत्यांबद्दल १५२ वे कलम आहे आणि त्यात बोलणे-लिहिणेही येते. त्याचा वापर कसा होतो यावर सुजाण नागरिकांनी डोळा ठेवला पाहिजे. बाबासाहेबांच्या संविधानाने १९ व्या कलमात बोलण्या-लिहिण्याचा हक्क दिला. त्याच कलमात सरकारला काही बंधने घालण्याची मुभाही आहे, आणि ती मुभा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने वाढली. पण बंधन वाजवी असावे ही अटही तेव्हाच घातली गेली. हक्क आणि बंधन यांची रस्सीखेच अशी संविधानातच आहे. तिच्यात हक्काच्या बाजूने दोर ओढायला माणसे कमी पडता कामा नयेत.

आपण काय करावे

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असे कुणी म्हणेल. पण ‘काळ’ कशाने मेला ते आठवा. तो पैशाने मेला. आणि ‘मूकनायक’ १९२३ ला बंद पडला, ‘बहिष्कृत भारत’ १९२९ ला बंद पडला, त्यातही पैशाची अडचण होतीच. बाबासाहेबांनी स्वतः रात्र रात्र जागून रकाने भरले, पण वर्गणीदार पुरेसे नव्हते. सरकारी नोटीस येण्याची वाट न बघता आपणच आपले पत्र उपाशी मारतो, हे कटू असले तरी खरे आहे.

आपल्या मरोळमध्ये आज मेट्रो आली, टॉवर आले, मरोळ नाक्यावर पाय ठेवायला जागा नाही. घरटी दोन-दोन मोबाईल आहेत. पण आंबेडकरी विचारांचे एखादे मासिक वर्गणी भरून घरी येते अशी घरे किती आहेत, ते प्रत्येकाने आपल्या आळीत मोजावे. लग्नाच्या मांडवाला आपण हजारो रुपये घालतो. त्यातल्या एका शिट्टीच्या फुग्याच्या खर्चात वर्षभराचा अंक येतो. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास पोरांना वर्तमानपत्र वाचायला बसवावे, कुठली बातमी कोणी आणि कशासाठी दिली ते त्यांना विचारावे. कुठल्या बातम्या आल्याच नाहीत, हेही विचारावे. कालामांना तथागतांनी जी शिकवण दिली, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, ती वर्तमानपत्रालाही लागू आहे आणि व्हॉट्सअपलाही.

महाडच्या एका मुलाने लेखणी धरली आणि तिच्यासाठी तुरुंग सोसला, पत्र घालवले, पुस्तके घालवली. त्याची लेखणी आपल्या वस्तीपर्यंत पोचली नाही, हे खरे. पण त्याच महाडच्या मातीत पुढे आपल्या बापाने माणुसकीचा लढा उभारला, आणि त्याच्याही एका हातात वर्तमानपत्र होते. पहिल्याची किंमत समजली तर दुसऱ्याची किंमत आणखी चांगली समजेल, एवढाच आमचा उद्देश.

आपल्या विहाराला वर्धापनदिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!